पुढे लहान, मागे मोठी: स्पोर्ट्स कारच्या चाकांमागचं गणित

२०१९ साली आलेली पोर्शे ९११ कॅरेरा एस बाजूने पाहिली तर तिच्या चाकांत काही वेगळं जाणवत नाही. चारही रिम एकाच डिझाइनच्या, एकाच रंगाच्या. खाली वाकून टायरवरचे आकडे वाचले की फरक कळतो. पुढच्या टायरवर २४५/३५ झेडआर २० लिहिलेलं असतं आणि मागच्यावर ३०५/३० झेडआर २१. मागचा टायर पुढच्यापेक्षा ६० मिलिमीटरने रुंद आणि त्याची रिम एक इंचाने मोठी. पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे, अशी अदलाबदल या गाडीत होऊच शकत नाही.

अशा जोडणीला स्टॅगर्ड सेटअप म्हणतात. चारही चाकं एकाच मापाची असली की तो स्क्वेअर सेटअप. बऱ्याच स्पोर्ट्स कार कारखान्यातूनच स्टॅगर्ड येतात, आणि ते पाहून स्क्वेअर गाडीचे मालकही मागे रुंद टायर बसवायला निघतात. त्यांचा हिशोब सरळ असतो: टायर रुंद, म्हणजे पकड जास्त, म्हणजे गाडी आणखी चांगली. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं नेहमीच बरोबर नसतं. चारही टायर रुंद केले तर पकड वाढते. फक्त मागचे रुंद केले तर पकडीपेक्षा जास्त बदलतो तो गाडीचा तोल, म्हणजे वळणावर गाडीचं कुठलं टोक आधी पकड सोडतं. हा तोल बिघडला तर कितीही महागाचा टायर तो परत आणून देत नाही. म्हणून पैसे घालण्याआधी हे गणित नीट समजून घेतलेलं बरं.

आकडे वाचण्यापासून सुरुवात करू, कारण पुढे ते सतत लागणार आहेत. २४५/३५ झेडआर २० यात २४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ३५ म्हणजे साइडवॉलची, म्हणजे रिमपासून रस्त्याकडच्या रबरापर्यंतच्या टायरच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ३५ टक्के. झेडआर किंवा नुसतं आर ही अक्षरं टायरची बांधणी आणि वेगाचा गट सांगतात, आपल्या गणितात ती लागत नाहीत. शेवटचे २० म्हणजे रिमचा व्यास, इंचात. आता पूर्ण चाकाची उंची काढता येते. २४५ चे ३५ टक्के साधारण ८६ मिलिमीटर. साइडवॉल रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट, १७१.५. वीस इंच म्हणजे ५०८ मिलिमीटर. बेरीज जवळपास ६८०. मागच्या चाकाचं तसंच केलं तर १८३ अधिक ५३३, म्हणजे ७१६. मागचं अख्खं चाक पुढच्यापेक्षा ३७ मिलिमीटरने उंच आहे, पाच टक्क्यांहून थोडं जास्त.

म्हणजे इथे फरक दोन आहेत: एक रुंदीतला, एक उंचीतला. दोन्हींची कारणं वेगळी, परिणामही वेगळे. रिम एक इंचाने मोठी घेतली म्हणून चाक उंच होतंच असं नाही, हेही लक्षात ठेवा. साइडवॉल तेवढी कमी केली की उंची होती तेवढीच राहते.

मागे रुंद टायर का लागतो

९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या आसाच्याही, मागे असतं. गाडी उभी असताना तिच्या वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग मागच्या दोन चाकांवर असतो. ॲक्सिलरेटर दाबला की भार आणखी मागे सरकतो. शिवाय इंजिनची सगळी ताकद कॅरेरा एस मध्ये मागच्याच चाकांतून रस्त्यावर उतरते. वळणावर गाडीचं मागचं टोक धरून ठेवण्याचं कामही त्यांचंच. पुढच्या चाकांकडे वळवणं आणि ब्रेकिंगचा मोठा वाटा असतो, पण वळणातून बाहेर पडताना रेस द्यायची वेळ येते तेव्हा मागच्या टायरवर ही तिन्ही ओझी एकदम पडतात.

टायरची पकड कुठल्याही क्षणी ठरावीक असते. ती पुढे ढकलायला वापरा, नाहीतर बाजूला धरून ठेवायला. दोन्ही एकदम हवं असेल तर वाटून घ्यावी लागते. हे वाटप साध्या बेरजेने होत नाही, वर्तुळाच्या नियमाने होतं. आदर्श टायर धरला आणि त्याची ८० टक्के क्षमता गाडी पुढे ढकलण्यात खर्च केली, तर वळणासाठी २० नव्हे, ६० टक्के उरते. ऐकायला बरं वाटतं. पण १०० टक्के पुढे ढकलण्यात गेली की वळणासाठी काहीच उरत नाही. जास्त ताकदीच्या रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीत वळणाच्या मध्यावर पाय जड झाला की मागचं टोक बाहेर जातं ते यामुळेच. मागचा टायर रुंद केला की ते वर्तुळच मोठं होतं.

पण रुंद टायरने पकड वाढते तरी का? शाळेत शिकवतात की घर्षण हे वजनावर अवलंबून असतं, क्षेत्रफळावर नाही. लाकडाच्या ठोकळ्यासाठी ते चालतं, रबरासाठी चालत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला की पकड वाढते, पण दुपटीने वाढत नाही. प्रत्येक किलोमागे मिळणारी पकड भार वाढेल तशी घटत जाते. मागच्या बाजूला आधीच जास्त वजन असेल तर मागच्या टायरला त्याच्या वजनाच्या मानाने पकड कमी पडते. रुंद टायरमध्ये रबरावर येणारा ताण आणि उष्णता चांगली वाटली जाते, म्हणून ही घट कमी होते.

इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकतं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात रस्त्याला टेकणारा ठसा किती मोठा असेल हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा ठरवते. एका चाकावर ४०० किलो भार आहे आणि हवा ३२ पीएसआय आहे असं धरा. भागाकार केला तर ठसा साधारण १८० चौरस सेंटिमीटरचा येतो. साइडवॉलच्या कडकपणामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाजाला पुरेसा आहे. ठसा २० सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची लांबी ९ सेंटिमीटर. तो २७ सेंटिमीटर रुंद केला तर लांबी साडेसहाच्या आसपास. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, आकार बदलला: लांबट होता तो आडवा झाला.

वळणावर या आडव्या आकाराचा फायदा होतो. टायर फिरत असताना रबराचा प्रत्येक तुकडा ठशाच्या पुढच्या कडेने आत येतो, मागच्या कडेने बाहेर पडतो. आत येताना तो सरळ असतो, मागे जाता जाता वळणाच्या ओढीने बाजूला ताणला जातो, आणि शेवटी ताण सहन न होऊन घसरतो. ठसा लांब असेल तर मागचा बराच भाग घसरणारा असतो. ठसा आखूड असेल तर तुकडा घसरायच्या बेताला येईपर्यंत बाहेर पडलेला असतो. त्यामुळे रुंद टायर कमी तिरपा होऊन तेवढंच बाजूचं बळ देतो. चालवणाऱ्याला हे गाडी लगेच वळते, मागचं टोक शांत राहतं, असं जाणवतं.

तोल कुठे ठरतो

वळणावर प्रत्येक टायर ज्या दिशेला रोखलेला असतो, त्या दिशेला तो तंतोतंत जात नाही. थोडा तिरपा सरकत जातो. या तिरपेपणाच्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. पुढच्या टायरचा कोन मागच्यापेक्षा जास्त झाला तर स्टेअरिंग वळवूनही गाडी वळणाच्या बाहेर सरकते. हा अंडरस्टिअर. मागच्यांचा जास्त झाला तर मागचं टोक बाहेर फेकलं जातं, तो ओव्हरस्टिअर. अंडरस्टिअर झाला की माणूस आपोआप ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. ओव्हरस्टिअरमध्ये घाबरून पाय काढला तर भार पुढे सरकतो, मागचं टोक आणखी हलकं होतं आणि गाडी गरकन फिरते. म्हणून कंपन्या रस्त्यावरच्या गाडीत थोडा अंडरस्टिअर मुद्दाम ठेवतात. वजन मागे असलेल्या गाडीत तो आणण्याचा एक हमखास मार्ग म्हणजे मागे रुंद टायर.

टोयोटा एमआर२ चं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १९८९ साली आलेली तिची दुसरी पिढी. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मध्यात. सुरुवातीला पुढे १९५/६० आर १४ आणि मागे २०५/६० आर १४ टायर होते, फरक जेमतेम १० मिलिमीटरचा. वळणात अचानक पाय काढला की ही गाडी झटक्यात फिरते, अशी तिची ख्याती झाली. नंतरच्या सुधारित आवृत्तीत टोयोटाने सस्पेन्शन बदललं आणि टायर केले पुढे १९५/५५ आर १५, मागे २२५/५० आर १५. पुढची रुंदी होती तेवढीच ठेवली आणि मागची २० मिलिमीटरने वाढवली. पुढचीही तेवढीच वाढवली असती तर एकूण पकड वाढली असती, पण दोन टोकांमधलं नातं बदललं नसतं. त्यांना नातंच बदलायचं होतं.

ही कल्पना त्याहून जुनी आहे. १९७२ च्या शेवटी आलेल्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ ला पुढे १८५/७० आणि मागे २१५/६० टायर होते, रिम १५ इंचीच, पण पुढे ६ इंच रुंद आणि मागे ७ इंच. पुढे हे टोकालाही गेलं. १९७८ च्या लॅम्बोर्गिनी काउंटाश एलपी४०० एस ला पुढे २०५ मिलिमीटरचे आणि मागे ३४५ मिलिमीटरचे टायर होते. १४० मिलिमीटरचा फरक! १९९० च्या होंडा एनएसएक्सने रुंदीबरोबर रिमचा व्यासही बदलला: पुढे २०५/५० आर १५, मागे २२५/५० आर १६.

उलट बाजूची उदाहरणं पाहिली की मुद्दा आणखी पक्का होतो. २०१४ च्या शेव्हरोले कॅमेरो झेड/२८ ला चारही बाजूंना ३०५/३० झेडआर १९ टायर आहेत. ५०० हॉर्सपॉवरच्या पुढची ताकद, मागची चाकं ड्राइव्ह, तरीही स्क्वेअर. कारण मोठं व्ही८ इंजिन नाकात आहे, आणि ट्रॅकवर त्या जड नाकाला वळवायला पुढेही तेवढंच रबर लागतं. सध्याच्या बीएमडब्ल्यू एम३ मध्ये पुढे २७५ आणि मागे २८५, फक्त १० मिलिमीटरचा फरक, कारण वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलेलं आहे. ऑडी आरएस३ मध्ये इंजिन पुढच्या ॲक्सलच्या पुढे आडवं बसवलेलं आहे. तिच्या एका फॅक्टरी पर्यायात पुढे २६५ आणि मागे २४५, म्हणजे पुढचे टायर जास्त रुंद. आणि माझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा ८६ यांसारख्या हलक्या, बेताच्या ताकदीच्या गाड्या स्क्वेअर असतात, आणि वळणांवर त्यांची मजा जगभर नावाजली जाते. त्यांना मागे रुंद टायर लावणाऱ्यांना मी मनापासून सांगेन की नका लावू. इंजिनला ते टायर घसरवायची ताकद नसते, वजन मात्र वाढतं, आणि जी गाडी हलक्या हाताने वळायची ती नाक बाहेर काढायला लागते.

मग लोक त्यावर उपाय म्हणून मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी, कडक बसवतात. त्याने वळणावर मागच्या आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर जास्त जातो. वर पाहिलं तसं, भार असमान झाला की त्या दोन टायरची मिळून पकड कमी होते. अंडरस्टिअर कमी होतो, हे खरं. पण रुंद टायरने मागे जी पकड मिळाली होती तीच परत देऊन झालेली असते, आणि खर्च दोन्हीकडे.

पुढचे टायर मागच्याइतकेच रुंद का नाही करत, हा प्रश्न साहजिक आहे. पुढची चाकं वळतात, त्यामुळे मडगार्डच्या आत त्यांना फिरायला जागा लागते. रुंद आणि उंच चाक पूर्ण वळवलं की आतल्या लायनरला किंवा सस्पेन्शनला घासतं. खूप रुंद पुढचा टायर रस्त्यावरच्या चाकोऱ्या पकडून स्टेअरिंग इकडेतिकडे ओढतो, हवेचा अडथळाही वाढवतो. पण यातलं कुठलंच कारण अशक्य म्हणावं असं नाही, कॅमेरोने ते करून दाखवलं आहे. खरं कारण बहुतेक वेळा तोलाचंच असतं.

उंचीतला फरक आणि गाडीचा कॉम्प्युटर

मागचं चाक उंच का करतात? मोठ्या टायरमध्ये हवा जास्त मावते, म्हणून तो जास्त भार पेलतो. मागे वळण्यासाठी जागा सोडावी लागत नाही, त्यामुळे मोठं चाक मावतंही. दिसण्याचा भागही आहेच: मागून थोडी उचललेली, पुढे झेपावलेली गाडी डोळ्यांना आवडते, आणि डिझायनर ते लपवत नाहीत.

आपल्या गाडीत बदल करताना मात्र उंचीकडे रुंदीपेक्षा जास्त काटेकोरपणे बघावं लागतं. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते मोजतो. एबीएस (ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणारं), ट्रॅक्शन कंट्रोल (रेस देताना चाक घसरू न देणारं) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी फिरू न देणारं) हे सगळं या चार आकड्यांच्या तुलनेवर चालतं. कारखान्याने पुढच्या-मागच्या चाकांचं जे प्रमाण ठरवलं असतं ते कॉम्प्युटरमध्ये आधीच भरलेलं असतं. ९११ च्या कॉम्प्युटरला मागचं चाक कमी फेरे घेणार हे माहीत असतं. तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरला चारही सारखी फिरणार असंच माहीत असेल.

समजा गाडीला चारही बाजूंना २२५/४५ आर १७ आहेत. चाकाची उंची ६३४ मिलिमीटर. मागे ३० मिलिमीटर रुंद टायर हवा म्हणून २५५/४५ आर १७ घेतला, दुसरा आकडा तोच ठेवला. टक्केवारी रुंदीवर असल्यामुळे साइडवॉलही वाढली, आणि उंची झाली ६६१. चार टक्क्यांहून जास्त. एक किलोमीटरमध्ये पुढचं चाक साधारण ५०२ फेरे घेईल आणि मागचं ४८१. सरळ रस्त्यावर जातानाही कॉम्प्युटरला दर किलोमीटरला वीसेक फेऱ्यांचा फरक दिसत राहील. मागची चाकं घसरायला लागली तरी त्यांचा वेग आधी पुढच्यांच्या बरोबरीला यावा लागेल, मगच कॉम्प्युटरला शंका येईल. म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल उशिरा जागं होईल.

याऐवजी २५५/४० आर १७ घेतला तर उंची ६३६. अठरा इंची रिम हवी असेल तर २५५/३५ आर १८, तीही जवळपास ६३६. फरक पाव टक्क्याहून कमी. नवीन टायरचा जुन्याशी झिजेमुळेच याहून जास्त फरक पडतो, तेव्हा कॉम्प्युटरला याचं काही वाटत नाही. दुकानात जाण्याआधी कागदावर एवढं गणित करायला पाच मिनिटं लागतात, ती जरूर द्या.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत तर इथे अजिबात सूट नाही. पुढचा आणि मागचा ॲक्सल मध्ये क्लचने किंवा डिफरन्शियलने, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीने, जोडलेले असतात. वळणावर त्यांच्या वेगात थोडा फरक पडणार हे गृहीत असतं, पण सरळ रस्त्यावर तासन् तास फरक राहिला तर ती जोडणी सतत घसटत राहते, तापते आणि शेवटी जाते. निसान जीटी-आरचे टायर पाहा: पुढे २५५/४० आर २०, मागे २८५/३५ आर २०. रुंदीत ३० मिलिमीटरचा फरक, पण उंची ७१२ आणि ७०७.५, म्हणजे फरक एक टक्क्याच्याही आत. ज्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत उंचीचा फरक मोठा असतो, त्यांत गिअरचं गुणोत्तर कारखान्यातच तो फरक धरून ठरवलेलं असतं. बाहेर बसवताना तुम्हाला ती सोय नाही.

बसवताना

टायर ठरला की रिम. रिमवर ९जे असं लिहिलेलं असतं, ते तिच्या आतल्या रुंदीचे इंच. टायर कंपनी प्रत्येक मापासाठी रिमची किमान आणि कमाल रुंदी देते, तिच्या बाहेर जाऊ नये. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची फॅशन आहे. त्यात टायरची कड रिमवरून सुटण्याचा धोका असतो आणि खड्ड्यात रिमच आपटते, म्हणून मी तिच्या पूर्ण विरोधात आहे.

मग ऑफसेट. रिमच्या बरोबर मध्यरेषेपासून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाला, टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा. ईटी ४५ म्हणजे ४५ मिलिमीटर. आकडा कमी केला की चाक गाडीच्या बाहेर सरकतं, वाढवला की आत जातं. समजा मूळ रिम ७.५जे ईटी ४५ आहे आणि मागे ९जे ईटी ४० बसवायची आहे. रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटरने वाढली. ती अर्धी-अर्धी दोन्हीकडे गेली, १९ आणि १९. ऑफसेट ५ ने कमी झाला, म्हणजे सगळं ५ मिलिमीटर बाहेर सरकलं. रिमची बाहेरची कड २४ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली १४ मिलिमीटर आत गेली. टायरच्या फुगवट्याचं वेगळं मोजा: २२५ चा २५५ झाला, दोन्हीकडे १५, अधिक-उणे ५, म्हणजे बाहेर २० आणि आत १०.

आता जुनं चाक गाडीवर असतानाच मडगार्डच्या कडेपर्यंत आणि आत सस्पेन्शनपर्यंत किती मोकळी जागा आहे ते पट्टीने मोजा. गाडी उभी असताना जागा दिसली म्हणून भागत नाही. मागे दोन माणसं किंवा सामान असताना, गतिरोधकावरून उतरताना सस्पेन्शन दबतं, तेव्हा चाक मडगार्डच्या आत शिरतं. आतल्या बाजूला ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर असते, त्यांना टायर लागणं कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही. बाहेर मडगार्डच्या पुढे डोकावणारं चाक बऱ्याच देशांत नियमातही बसत नाही.

नटांच्या वर्तुळाचं माप, म्हणजे पीसीडी, जुळायलाच हवं. रिमच्या मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली रिंग घालून ते नेमकं बसवा, नाहीतर वेगात स्टेअरिंग थरथरतं. टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. कमी साइडवॉलचा टायर घेताना हा आकडा नकळत खाली येतो, म्हणून मुद्दाम बघा. वेगाचं अक्षर, उदाहरणार्थ ताशी ३०० किलोमीटरसाठी वाय, तेही मूळच्या खाली जाऊ नये. चाकं बसल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घ्या, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासा.

झीज आणि पाऊस

स्टॅगर्ड गाडी रोज वापरणाऱ्याला सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं ते इथे. स्क्वेअर गाडीत ठरावीक किलोमीटरनंतर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून चारही सारखे झिजवता येतात. स्टॅगर्डमध्ये ते शक्य नाही. फार तर डावा-उजवा बदलता येतो, आणि टायर एका दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे असतील तर रिमवरून काढून परत चढवल्याशिवाय तेही नाही. स्टेपनीचीही पंचाईत, एक ठेवली तरी एकाच ॲक्सलला लागणार. म्हणून अशा अनेक गाड्यांत पंक्चर किट किंवा रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, टायर देतात.

मागचे टायर ताकद रस्त्यावर उतरवतात, म्हणून ते आधी झिजतात. पुढचे चांगले आणि मागचे गोटा, अशी अवस्था बघता बघता येते. कोरड्या रस्त्यावर ते जाणवतही नाही, नक्षी गेलेला टायर तिथे छान पकडतो. पाऊस पडला की उलटं होतं. रुंद टायरला आपल्या समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि आखूड ठशात त्याला वेळही कमी मिळतो. पुढच्या चाकाने पाणी सारून जी वाट केलेली असते, तिच्यापेक्षा मागचा टायर रुंद असल्यामुळे त्याच्या कडा पुन्हा भरल्या पाण्यातच असतात. त्यात खाचा उथळ झालेल्या. मग मागची चाकं पाण्यावर तरंगतात आणि पुढची रस्त्याला धरून असतात. तोल जपण्यासाठी मागे रुंद टायर दिला होता, तोच आता पावसात गाडी फिरवून टाकतो. बऱ्याच देशांत खाचांची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. स्टॅगर्ड गाडीच्या मागच्या टायरसाठी त्या मर्यादेपर्यंत थांबू नका. ३ मिलिमीटर उरले की बदला.

मोजताना टायरची बाहेरची कड पाहून समाधान मानू नका. स्पोर्ट्स कारची मागची चाकं बहुधा वरून आत झुकलेली असतात, त्यामुळे टायरची आतली कड आधी जाते. बाहेरून खाचा पाच मिलिमीटर दिसतात आणि आतल्या दोन बोटांच्या पट्ट्यात तारा उघड्या पडलेल्या असतात. मागचा टायर ३०५ मिलिमीटरचा असेल तर वाकूनही ती कड दिसत नाही. गाडी थंड असताना हात मागून आत घालून बोटं फिरवा, पण सांभाळून, कारण उघड्या तारा बोट कापतात. लिफ्टवर चढवण्याची संधी मिळाली तर टॉर्च मारून पाहणं उत्तम. दोन्ही बाजूंची आतली कड जास्त गेली असेल तर अलाइनमेंट तपासायलाच हवी.

मागची जोडी बदलताना पुढच्यांचीच कंपनी आणि तेच मॉडेल घ्या. दोन वेगळ्या मॉडेलचं रबर वेगळं, साइडवॉलचा कडकपणा वेगळा, आणि त्यांचा स्लिप अँगल वेगळ्या प्रकारे वाढतो, म्हणजे रुंदीने ठरवलेलं नातं पुन्हा विस्कटतं. पोर्शेसाठी मंजूर टायरवर एन० सारखी एन आणि आकड्याची खूण असते, बीएमडब्ल्यूसाठी चांदणीची खूण असते. त्याच नावाचा टायर त्या खुणेशिवायही मिळतो, पण तो आतून वेगळा असू शकतो, तेव्हा पुढच्या टायरवर खूण असेल तर मागच्यावरही तीच बघून घ्या. मागचे नवीन आणि पुढचे अर्धे झिजलेले असतील तर सुरुवातीचे काही दिवस गाडी वळणावर नाक जास्त बाहेर काढेल. नवीन टायरवरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत मागची पकडही पूर्ण भरवशाची नसते, म्हणून ओल्या रस्त्यावर तेवढे दिवस पाय हलका ठेवा.